गोव्यात आशाताई नाहीत, मग वस्तीतल्या बाळांच्या लशींचा माग कोण ठेवणार?

केरीची_लेक
फोंड्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. विजापूर, बागलकोट, गदगकडची माणसं, त्यात लमाणी बरीच, आणि अलीकडे झारखंड-ओडिशातून आलेली तरणी जोडपी. आमचा स्वयंसाहाय्य गट तिथून चालत दहा मिनिटांवर. इतकी वर्षं त्या रस्त्याने ये-जा केली, आत कधी वळलो नाही. मागच्या पावसात खोल्यांत पाणी शिरलं म्हणून चादरी घेऊन गेलो, तेव्हा एका आईच्या मांडीवर अकरा महिन्यांचं मूल होतं. कार्ड विचारलं. तिने पेटीच्या तळातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं, अगदी जपून ठेवलेलं. त्यावर जन्माच्या वेळची बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी, एवढंच. दीड महिन्यापासून पुढच्या सगळ्या चौकटी कोऱ्या.

का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "दीड महिन्याला मी गावी होते. आले तर तारीख गेलेली. तारीख गेली म्हणजे लस गेली ना?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पुढच्या आठवड्यात अंगणवाडी सेविकेला घेऊन घरोघर फिरले. अर्धवट कार्डं बरीच निघाली, पण "लस नको" असं म्हणणारी एकही आई भेटली नाही. कुणाचा रोज बुडतो, कारण लसीकरण सकाळी आणि काम आठला सुरू. कुणाचं कार्ड गावी सासूकडे. कुणाला मागच्या वेळी ताप आला, दोन दिवस मूल रडलं, दोन दिवस काम गेलं. एकीला कार्ड हरवलं म्हणून सगळ्यांसमोर बोलणी बसली, ती पुन्हा गेली नाही.

देशात आशा योजना २००५ साली आली. त्यातून बाहेर राहिलेलं राज्य म्हणजे आपला गोवा. लहान राज्य, रस्ता दारापर्यंत, आरोग्य केंद्र जवळ, शिकलेली माणसं, म्हणून गरज भासली नसेल. नर्सबाई आणि अंगणवाडी सेविका सांभाळतात, आणि गावात ते चालतंही. पण ज्या खोलीत दर सहा महिन्यांनी भाडेकरू बदलतो तिथे कोण नवीन आलं, कोण बाळंत झालं, हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) गोव्यात पूर्ण लसीकरण झालेली मुलं ८८ टक्क्यांच्या घरात होती, देशात वरच्या रांगेत. पाचव्या फेरीत आपण ८२ च्या आसपास घसरलो. त्याच काळात देशाचा आकडा ६२ वरून ७६ वर चढला.

माझ्या मनात आहे की त्या वस्तीतल्याच दोन-तीन बायकांना तयार करावं. कुणी असं काम केलंय का? काय चुकतं, काय जमतं, सांगा.

दोडामार्गकर
माझी वहिनी दोडामार्ग तालुक्यात आशा आहे. तिच्याकडे एक वही असते, त्यात कोणाच्या बाळाचा कुठला डोस कधी, हे सगळं. लसीकरणाच्या आदल्या संध्याकाळी ती दारोदार जाते. "उद्या या" एवढंच सांगून येत नाही, कोण सोबत नेणार, मोठ्या मुलाला कोण बघणार, तेही ठरवून येते. आणि न आलेल्यांच्या घरी त्याच दिवशी परत. खरं काम या दुसऱ्या फेरीचं आहे, असं ती म्हणते. पहिल्या वर्षाच्या लशी पूर्ण झाल्या की बाळामागे तिला शंभर रुपये मिळतात. त्या शंभरासाठी किती चढ चढते ते मी पाहिलंय.

आमच्याकडच्या कितीतरी बाया बाळंतपणाला गोव्यात, बांबोळीच्या किंवा म्हापशाच्या सरकारी इस्पितळात येतात. जन्माची लस गोव्यात, पुढच्या महाराष्ट्रात. वहिनी सीमेच्या या बाजूला अशा बाळांना शोधून काढते. तुमच्या वस्तीत तेच उलटं चाललंय, फक्त शोधणारी नाही.

निवृत्त_सिस्टर
बाय केरीची, तुझं वाचून बरं वाटलं, आणि थोडं भीतीही वाटली. भीती अशासाठी की "स्थानिक महिलांना पुढे आणूया" असं म्हणत फुकटचं काम गरीब बाईच्या डोक्यावर ठेवलेलं मी एकतीस वर्षांच्या नोकरीत अनेकदा पाहिलं. प्रमाणपत्र, टोपी, फोटो. तिचा बुडालेला रोज कुणी दिला नाही. तू हे करणार असशील तर पहिल्या दिवसापासून मानधन ठरव. थोडं असू दे, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडू दे.

दुसरं, माझ्या हातून घडलेलं सांगते. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. एका केंद्रावर होते तेव्हाची गोष्ट. सत्र संपत आलं होतं, दुपारचे साडेबारा. एक बाई धापा टाकत आली, नऊ महिने झालेलं मूल कडेवर. गोवराच्या लशीची कुपी पाणी घालून विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, उरलं ते टाकायचं. एका कुपीत पाच-दहा मुलांची लस. एका मुलासाठी नवी कुपी फोडली तर बाकी वाया जाईल, वर विचारतील, म्हणून मी तिला म्हटलं, पुढच्या बुधवारी या. नियम तसा नाही. एकच बाळ आलं तरी कुपी उघडायची, हाच नियम आहे. मला तो माहीत होता.

ती पुढच्या बुधवारी आली नाही. अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून आली होती, पुन्हा कसा बुडवेल? दोन महिन्यांनी ते मूल गोवर आणि न्यूमोनिया घेऊन दाखल झालं. वाचलं, देवाची कृपा. पण त्या आईने मला ओळखलं आणि मान वळवली.

म्हणून म्हणते, वस्तीतली बाई तयार करा, पण तिला इतकं बळ द्या की ती नर्ससमोर उभी राहून म्हणू शकेल, "सिस्टर, हिला परत पाठवू नका." त्या दिवशी कुणी तसं म्हटलं असतं तर मी कुपी उघडली असती.

मांडवीकाठ
सिस्टर, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

दोन अभ्यास आठवले. पहिला राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या गावांमधला. जिथे काहीच वेगळं केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण ६ टक्के. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं तिथे १८. आणि शिबिरासोबत प्रत्येक लशीला किलोभर डाळ, सगळ्या लशी पुऱ्या झाल्या की ताटांचा संच, असं दिलं तिथे ३९. दुसरा हरियाणातला. तिथे गावकऱ्यांनाच विचारलं की एखादी बातमी गावभर पोचवायची तर कुणाला सांगावं? लोकांनी ज्यांची नावं घेतली त्यांनाच लसीकरणाच्या तारखा कळवत गेले, आणि त्याचा उपयोग झाला. सरपंच किंवा मास्तर आपण निवडतो, तसं न करता लोकांनाच विचारणं मला फार पटलं.

पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशातही घराघरांत दार उघडलं ते त्याच मोहल्ल्यातल्या बायकांमुळे. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. त्यात या बायकांच्या पायपिटीचा वाटा फार मोठा.

जुनी_जेटी
प्रश्न कडवट वाटेल, पण विचारतो. ही कुटुंबं आज इथे, उद्या तिथे. आपल्या पंचायतीचा पैसा आणि आपल्या गटांची मेहनत त्यांच्यावर का? त्यांच्या राज्याने बघावं.

केरीची_लेक
जुनी_जेटी, मी राहते त्या इमारतीचा स्लॅब याच वस्तीतल्या माणसांनी घातला. तो घालताना त्यांची बाळं खाली वाळूच्या ढिगावर खेळत होती. ती बाळं कुठल्या राज्याची हे मला ठरवता येत नाही.

बालरोग_दादा
जुनी_जेटी यांच्या प्रश्नाला डॉक्टर म्हणूनही उत्तर आहे. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना आजार देतो. इतका झपाट्याने पसरणारा दुसरा आजार शोधावा लागेल. साथ थोपवायची तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले हवेत. सरासरी चांगली असूनही एका कोपऱ्यात लस न मिळालेली मुलं साठत गेली तर ठिणगी तिथेच पडते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत हेच झालं, लेकरं गेली. आणि तुमचं नातवंड नऊ महिन्यांचं होईपर्यंत त्यालाही ही लस मिळालेली नसते. बाजारात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर ते त्याच हवेत श्वास घेतं.

आता केरीची_लेक यांच्यासाठी. "तारीख गेली म्हणजे लस गेली" हा गैरसमज सगळ्यात आधी पुसा. डोस चुकला तर राहिला तिथून पुढे चालू करायचं, पहिल्यापासून मोजायची गरज नसते. बीसीजी राहिली असेल तर एक वर्षापर्यंत देता येते, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. कुठली लस कुठल्या वयाला चालते ते सिस्टर कार्ड पाहून ठरवतील. वस्तीतल्या ताईने ते ठरवायचं नाही, तिने मूल तिथवर आणायचं.

ताप. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलेंटनंतर (पाच आजारांवरची एकत्र लस) ताप येऊ शकतो, टोचलेली जागा दुखते, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं. हे आधी सांगितलं तर आई घाबरत नाही. नंतर सांगितलं तर तिला वाटतं आपण झाकत होतो. पॅरासिटामॉलचं प्रमाण वजनावर असतं, ते सिस्टरकडूनच घ्यावं. टोचलेल्या जागी हळद, तेल, शेक काही नको. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. लसीनंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. झटका आला, मूल सुस्त पडलं, किंवा तीन तास काही केल्या रडं थांबेना, तर वाट न बघता दवाखाना. साध्या सर्दीखोकल्यासाठी लस पुढे ढकलू नये. ढकललेली लस राहूनच जाते, हे मी रोज पाहतो.

तांड्यातली_शिकलेली
मी अशाच एका वस्तीत वाढले. आईवडील बागलकोटकडून आले, मी इथेच शाळा-कॉलेज केलं. घरी गोरबोली, म्हणजे आमची लमाणी भाषा, बाजारात कोंकणी, शाळेत मराठी, मुकादमाशी कन्नड. म्हणून माझं थोडं ऐका.

आमच्याकडे पांढऱ्या गाडीतून कुणी उतरलं की बाया आत जातात. लसीची भीती नसते ती. खोली पाडायला आले की काय, कागद मागायला आले की काय, ही भीती. तुम्ही वही काढून नावं लिहायला लागलात की ती दुप्पट होते. तेच माझी आई गेली तर चुलीजवळ बसून विचारते, "पोराला डाग पडला का दंडावर?" बीसीजीचा डाग. तेवढ्यावरून तिला अंदाज येतो.

कुणाला निवडायचं? मांडवीकाठ म्हणतात ते खरं आहे, बायकांनाच विचारा. आमच्या वस्तीत सगळ्यांनी एका भाकऱ्या करून विकणाऱ्या मावशीचं नाव घेतलं असतं. लिहिता येत नाही तिला. पण कोणाला कितवा महिना हे तिला नवऱ्याच्या आधी कळतं. तिच्यासोबत एखादी दहावी झालेली पोरगी जोडून द्या, लिहायचं काम ती करील.

निर्णय खूपदा गावाकडची सासू घेते, फोनवर. म्हणून सासूशी बोलायला म्हातारीच लागते, पोरसवदा मुलगी नाही चालत. आणि देवाला मध्ये आणू नका. आषाढात आम्ही सीतळाभवानी पुजतो. माझी आजी दरवर्षी पुजायची आणि तिनेच माझ्या धाकट्या भावाला लस द्यायला उचलून नेलं होतं. "माता राखते, आपणही राखायचं," म्हणायची. अंधश्रद्धा म्हणून कुणी तिला झिडकारलं असतं तर तिने दार लावलं असतं.

एक विनंती. उपकार करायला म्हणून येऊ नका. आमच्या बायकांना कामावर घ्या.

सत्तरीकर
आमच्या बाजूला धनगरवाडे रानात विखुरलेले. दोन घरं इथे, तीन पलीकडच्या डोंगरावर. पावसात ओहळ भरला की चार दिवस संपर्क नाही. तिथे दूध घालायला खाली येणारी बाईच निरोप नेते, अधिकृत कुणी नसताना. पौषात धालोच्या, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या खेळाच्या, रात्री मांडावर सगळ्या वाड्यावरच्या बायका जमतात, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या सुना. मागे एकदा आमच्या अंगणवाडी सेविकेने खेळ सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मागून घेतली होती. माईक नाही, भाषण नाही. तिने स्वतःच्या नातवाचं कार्ड दाखवलं आणि चौकटी वाचून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी सात-आठ जणी आपापली कार्डं घेऊन तिच्या दारात.

निवृत्त_सिस्टर
तांड्यातली, तू लिहिलेलं प्रत्येक उपकेंद्रावर वाचून दाखवावं असं आहे.

डाळीबद्दल मांडवीकाठ यांना एवढंच सांगते: डाळ द्यायला माझी हरकत नाही, पण ६ चे १८ झाले ते डाळीशिवाय, नुसतं ठरलेल्या दिवशी माणूस तिथे हजर होता म्हणून. सिस्टर साडेनऊला म्हणून साडेदहाला येणार असेल तर ताईने गोळा केलेल्या बायका पुन्हा तिच्या शब्दावर येणार नाहीत. ताईचा शब्द राखणं आपलं काम.

आणि गरीबच लस टाळतात असं कुणी समजू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेलाची मोठी मोहीम देशात पहिल्यांदा सुरू झाली, त्या पहिल्या टप्प्यात कर्नाटक, तमिळनाडूसोबत गोवा होता. नऊ महिने ते पंधरा वर्षं, सगळी मुलं. तेव्हा मोबाईलवर काय काय फिरत होतं! माझ्या भागात नकाराच्या चिठ्ठ्या आल्या त्या चांगल्या शिकलेल्या पालकांच्या. मजूर बायका रांगेत उभ्या होत्या.

दोडामार्गकर
यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लस-नोंदीत, नोंद असली तर बाळ देशात कुठेही गेलं तरी डोस दिसतो ना? मग कार्ड गावी राहिलं तरी अडू नये.

बालरोग_दादा
नोंद झाली असेल तर हो, आणि पुढच्या डोसचा निरोपही मोबाईलवर येतो. अडचण अशी की वस्तीत नंबर बदलत राहतात, फोन नवऱ्याच्या खिशात असतो, निरोप वाचता येत नाही. म्हणून ताईने कार्डाचा फोटो स्वतःच्या फोनवरही ठेवावा.

केरीची_लेक
तीन महिन्यांनी परत लिहितेय. उशीर झाला, पण सांगण्यासारखं जमेपर्यंत थांबले होते.

तांड्यातलीने सांगितलं तसं केलं. बायकांनाच विचारलं. एक नाव सगळ्यांच्या तोंडी आलं, कंपनीच्या गेटबाहेर चहाचा गाडा लावणाऱ्या अक्काचं. तिच्यासोबत एका मेस्त्रीची बारावी झालेली सून. दोघींना आमच्या गटाच्या निधीतून महिन्याला मानधन सुरू केलं. थोडकं आहे. पंचायतीकडे अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. ते येईपर्यंत आम्ही गटातल्या बायका आमच्या पापड-लोणच्याच्या नफ्यातून देतो, आणि यावर गटात दोन वेळा भांडण झालं. जुनी_जेटी, तुमचाच प्रश्न आमच्यातल्या एकीने विचारला. तिला मी अक्कासोबत एक फेरी मारायला लावली. आता ती दर वेळी जाते.

शिकवायला सिस्टर स्वतः आल्या (त्यांनी इथे लिहिलं नाही म्हणून मी सांगते). चार गोष्टी पाठ करून घेतल्या: कुठली लस दिली, नंतर काय होऊ शकतं आणि तेव्हा काय करायचं, पुढे कधी यायचं, कार्ड जपायचं. अक्का त्या चारही कन्नडमध्ये बोटांवर मोजत सांगते, ऐकत राहावंसं वाटतं.

वेळेसाठी सगळ्यात जास्त झगडावं लागलं. केंद्रावरच्या डॉक्टरीणबाईंना तीन वेळा भेटलो. शेवटी महिन्यातून एका रविवारी वस्तीतल्याच अंगणवाडीत सत्र घ्यायचं ठरलं. पहिल्या रविवारी बारा बाळं आली. दुसऱ्या रविवारी पाऊस होता, पाचच आली. अक्का उरलेल्यांच्या मागे लागली आणि बुधवारी त्यातल्या चौघांना स्वतः केंद्रावर घेऊन गेली, गाडा बंद ठेवून. त्या दिवसाचा गल्ला आम्ही तिला भरून दिला. घेत नव्हती. सिस्टरनी दटावून घ्यायला लावलं.

ते अकरा महिन्यांचं मूल आता सव्वा वर्षाचं आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस झाला, राहिलेल्या बाकीच्याही लशी सिस्टरनी बसवून दिलेल्या तारखांना चालू आहेत.

अजून एक अडलंय, सुचवा. एक कुटुंब गदगकडे चाललंय, उगादी होईपर्यंत परतायचं नाही म्हणतात. बाळ अडीच महिन्यांचं. दुसरा डोस काल झाला. तिसरा महिन्याने, तो तिकडेच घ्यावा लागेल. सुनेने कार्डाच्या मागे कन्नडमध्ये तारीख लिहून दिली आहे आणि सासूला फोन लावून अक्काला बोलायला दिलंय. त्यांच्या गावच्या आशाताईचा नंबर मिळवता आला तर अक्का स्वतः बोलेल म्हणते. तिकडचं कुणी इथे आहे का? गाडी उद्या संध्याकाळची आहे.